जुन्या विलायती मोटारीचे नट-बोल्ट : ओळख, पारख आणि शोध

धान्याच्या वखारीत ज्याचे आयुष्य गेले त्याने मोटारीच्या नट-बोल्टांवर लेख लिहावा, हे वाचकांस काहीसे चमत्कारिक वाटेल. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; यंत्रविद्येचा अभ्यास असा नाही. तथापि आमच्या तीर्थरूपांची जुनी मॉरिस मोटार पुन्हा चालती करण्याच्या खटपटीत आम्हांस जे थोडेफार ज्ञान झाले, ते बरेचसे ठेच लागून झाले. ती ठेच इतरांस लागू नये, एवढाच या लेखाचा हेतू.

आपल्या सभासदांपैकी कित्येकांच्या वाड्यांत वा वखारींच्या कोपऱ्यांत वडिलार्जित अशी एखादी मॉरिस, ऑस्टिन, हिलमन अथवा स्टँडर्ड ताडपत्रीखाली उभी आहे. घरातील तरुण मंडळींस ती रस्त्यावर आणण्याची हौस असते. रंग, गाद्या, टायर यांविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. परंतु काम अडते ते बहुधा एखाद्या बोटाएवढ्या बोल्टावर, आणि त्याविषयी सांगणारा मात्र सहसा मिळत नाही.

आमची चूक

आमची मोटार मॉरिस टेन, 'एम' मालिकेची. ही जात इंग्लंडात १९३८ साली निघाली. पुढे हिंदुस्थान मोटर्सने आपल्या आरंभीच्या काळात 'हिंदुस्थान टेन' या नावाने जी मोटार आपल्या देशात आणली, ती हिचीच आवृत्ती होय. तीर्थरूपांनी आमची मोटार १९५३ साली बेळगावच्या छावणीतील एका अधिकाऱ्याकडून जुनी म्हणून विकत घेतली. त्यांच्या कपाटाखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असे. मोटारीतून निघालेला प्रत्येक जुना बोल्ट, नट आणि वायसर ते रॉकेलने पुसून त्या डब्यात टाकीत. १९९८ साली ते निवर्तले. पुढल्या वर्षी घर झाडताना आम्ही तो डबा भंगारवाल्यास वजनावर देऊन टाकला. त्याचे किती पैसे आले, हेही आज आठवत नाही. त्या डब्यात काय होते हे कळण्यास मात्र आम्हांस वीस वर्षे लागली.

२०१८ साली मोटारीचे काम काढले. तेलपंप इंजिनाच्या अंगास बोल्टांनी आवळलेला असतो. त्यांतील एक बोल्ट गंजून तुटला होता. मिस्त्रींनी शेजारच्या बोल्टास पाना लावून पाहिला. पाव इंची व्हिटवर्थ पाना त्यास नेमका बसला. त्या पान्याचा बोल्ट म्हणजे अडीच सुती बी.एस.एफ., असा हिशेब करून त्यांनी तसा एक बोल्ट शोधून आणला. तो हाताने दोन आटे आत गेला आणि अडला. मिस्त्री म्हणाले, "सावकार, जरा कडक जातोय." आम्ही म्हणालो, "बसतो ना? मग बसवा."

तो बसला, म्हणजे बसल्यासारखा दिसला. पुढे आठ-दहा दिवसांनी आम्ही सहकुटुंब आंबोलीस निघालो असता वाटेत तेलाच्या दाबाचा काटा खाली येऊ लागला. मागच्या आसनावर आमच्या वयोवृद्ध मातोश्री होत्या. मोटार तत्काळ बाजूस घेऊन इंजिन बंद केले, म्हणून इंजिन वाचले. उतरून पाहतो तो मागे रस्त्यावर दूरवर तेलाची काळी रेघ उमटलेली. तो बोल्ट बोटांनी ओढताच आट्यांच्या चुऱ्यासह हातात आला.

मिस्त्रींस बोल लावण्यात अर्थ नव्हता. 'कडक जातोय' हा इशारा त्यांनी दिला होता; तो आम्ही ऐकला नाही. आमच्या दुकानात एखाद्या हमालाने 'हे वजन जरा हलके आहे' असे म्हटले असते, तर आम्ही त्या क्षणी तराजू थांबविला असता. तोच विवेक दुसऱ्याच्या धंद्यात आम्हांस सुचला नाही.

मापे अनेक, नाव एक

आपणां धान्याच्या व्यापाऱ्यांस हा विषय समजणे वस्तुतः अवघड नाही. आमचे तीर्थरूप सांगत की, पूर्वी 'मण' या एकाच शब्दाचे अर्थ गावोगाव निराळे असत. मुंबईचा मण २८ रत्तलांचा, मद्रासचा २५ रत्तलांचा, तर बंगालचा ८२ रत्तलांहून थोडा अधिक. केवळ 'दहा मण माल' असे लिहून सौदा करणारा हमखास बुडत असे. 'मण खरा, पण कोठला?' हा प्रश्न आधी विचारावा लागे. १९५८ सालापासून मेट्रिक वजने येऊ लागली, आणि पुढील चारेक वर्षांत हा घोळ हळूहळू मिटला.

बोल्टाचेही अगदी तसेच आहे. 'अडीच सुती बोल्ट द्या' म्हणणे म्हणजे 'दहा मण माल द्या' म्हणणे होय. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेव्हा अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच जाडी, हे ठीक. पण आटे कोठले? बोल्टाची ओळख तीन गोष्टींनी पटते : त्याची जाडी, एका इंचात बसणाऱ्या आट्यांची संख्या, आणि आट्याच्या खाचेचा कोन. तिन्ही जुळल्या तरच बोल्ट जुळला. डोके कोणत्या पान्यात बसते यावरून यांपैकी एकही गोष्ट निश्चित होत नाही.

विलायतेतील आट्यांची कुळे

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडातील प्रत्येक कारखान्याचे आटे स्वतंत्र असत. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टास चालत नसे. मँचेस्टरचे यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली, आणि त्यांची सरासरी काढून १८४१ साली एक प्रमाण सुचविले. खाचेचा कोन ५५ अंश, आट्यांचा माथा व तळ गोलसर, आणि प्रत्येक जाडीस आट्यांची संख्या ठरलेली. हेच बी.एस.डब्ल्यू., म्हणजे व्हिटवर्थ आटे. हे आटे जाडेभरडे असल्याने बिडाच्या भागांत चांगले धरतात. परंतु मोटारीच्या सततच्या कंपनाने ढिले होण्याची भीती असते. म्हणून १९०८ साली त्याच ५५ अंशांच्या कोनाचे परंतु बारीक आटे प्रमाण झाले. ते बी.एस.एफ. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या, तसेच युद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांतील इंग्रजी मोटारींच्या सांगाड्यात बहुतेक ठिकाणी हेच सापडतात.

विजेच्या सामानाचे कूळ वेगळे. त्याचे नाव बी.ए. हे प्रमाण १८८४ च्या सुमारास ठरले. यात कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा असून आकार क्रमांकाने सांगतात, आणि क्रमांक वाढेल तसा स्क्रू लहान होत जातो. शून्य बी.ए. सहा मिलिमीटर जाड, दोन बी.ए. ४.७ मिलिमीटर, चार बी.ए. ३.६ मिलिमीटर. लुकासचे दिवे व डायनॅमो, स्मिथ्सची घड्याळे व काटे यांत हे स्क्रू असतात. तेलाच्या व पाण्याच्या नळ्यांच्या जोडांवर पुष्कळदा बी.एस.पी., म्हणजे नळाचे आटे असतात. त्यांत सांगितलेले माप नळीच्या पोकळीवरून पडलेले आहे, बाहेरच्या जाडीचे नव्हे. 'एक अष्टमांश' म्हटलेला जोड प्रत्यक्षात पावणेदहा मिलिमीटरांच्या आसपास भरतो. हे ठाऊक नसलेला मनुष्य मापनपट्टी घेऊन गोंधळात पडतो.

अमेरिकेत १८६४ साली विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा कोन सुचविला व तो तिकडे रूढ झाला. दोन मित्रराष्ट्रांतील पाच अंशांच्या या भेदाची किंमत दुसऱ्या महायुद्धात कळली. डेट्रॉइटच्या पॅकार्ड कारखान्यात रोल्स-रॉइसचे 'मर्लिन' विमान-इंजिन बनू लागले, तेव्हा त्यातील इंग्रजी आटे पाडण्याची हत्यारे त्या कारखान्यास स्वतः घडवून घ्यावी लागली. अखेर १९४८ साली ब्रिटन, अमेरिका व कॅनडा या तिन्ही देशांनी ६० अंशांचे सामाईक प्रमाण मान्य केले. त्यास 'युनिफाइड' म्हणतात. यात जाड आट्यांचे यू.एन.सी. आणि बारीक आट्यांचे यू.एन.एफ. असे दोन भाग आहेत. १९५० नंतरच्या दशकात इंग्रजी मोटारी हळूहळू या प्रमाणाकडे वळल्या. १९६५ साली ब्रिटनच्या प्रमाण संस्थेने व्हिटवर्थ, बी.एस.एफ. व बी.ए. ही जुनी प्रमाणे कालबाह्य समजावीत असे सांगून मेट्रिकास प्रथम पसंती दिली.

याचा अर्थ असा की, एकाच मोटारीत दोन-तीन कुळे एकत्र नांदतात. इंजिन युनिफाइडचे, दिव्यांचे स्क्रू बी.ए.चे, नळ्यांचे जोड बी.एस.पी.चे, अशी स्थिती नेहमीची.

मॉरिसचे कोडे

आता आमच्या बोल्टाचे रहस्य सांगतो. पहिल्या महायुद्धाच्या काळी हॉचकिस या फ्रेंच कंपनीने इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे मशिनगनचा कारखाना काढला. युद्ध संपल्यावर तो मॉरिससाठी इंजिने बनवू लागला, आणि १९२३ साली विल्यम मॉरिस यांनी तो विकत घेतला. तेथील यंत्रे फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक. ती बदलणे खर्चाचे. परंतु इंग्लंडातील मिस्त्रींच्या पेटीत पाने व्हिटवर्थचे. यावर तोड अशी निघाली की, आटे मेट्रिक ठेवावे आणि डोके मात्र व्हिटवर्थ पान्यास बसेल असे करावे. हा प्रघात मॉरिस टेनच्या इंजिनात, तसेच त्याच घराण्यातील एम.जी. मोटारींच्या इंजिनांत १९५५ पर्यंत चालू राहिला.

म्हणून आमच्या तेलपंपाचा बोल्ट डोक्याने इंग्रज, अंगाने फ्रेंच होता. त्याची जाडी आठ मिलिमीटर. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर. फरक केसाएवढा. पण त्याचे आटे एक मिलिमीटर अंतराचे, म्हणजे इंचात पंचवीसहून थोडे अधिक, तर बी.एस.एफ.चे इंचात बावीस. पहिले दोन आटे कोणाचेही कोणातही जातात. तिसऱ्यापासून भांडण सुरू होते, आणि जोर केला की दोहोंपैकी नरम असेल ते तुटते. आमच्या बाबतीत इंजिनाच्या भोकातील आटे तुटले.

आणखी एक गंमत अशी की, आज बाजारात मिळणारा आठ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्टही येथे चालत नाही. त्याचे आटे सव्वा मिलिमीटर अंतराचे असतात. 'एम आठ' म्हणून मागितले तर तोच मिळतो; 'एम आठ, एक मिलिमीटर आट्याचा' असे स्पष्ट सांगावे लागते.

बोल्ट ओळखावा कसा

प्रथम जुना बोल्ट रॉकेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशाने स्वच्छ करावा. मग व्हर्नियर कॅलिपरने आट्यांवरून बाहेरील जाडी मोजावी. झिजलेल्या बोल्टाची जाडी थोडी कमीच भरते, हे लक्षात असू द्यावे. त्यानंतर आटे मोजण्याचा गेज लावावा. दातेरी पात्यांचा हा जुडगा हत्यारांच्या दुकानात मिळतो. ५५ अंशांचा, ६० अंशांचा आणि मेट्रिक असे तिन्ही जवळ असावेत. पाते आट्यांत बसवून उजेडासमोर धरावे. मधून उजेड दिसला नाही तर माप जुळले. गेज नसल्यास बोल्ट कागदावर दाबून त्याचा ठसा घ्यावा आणि अर्ध्या इंचातील आटे मोजून दुप्पट करावी. युनिफाइडपूर्वीची आणि नंतरची मापे पुढे देत आहोत. आकडे एका इंचातील आट्यांचे आहेत.

दोन सूत (१/४ इंच) : बी.एस.डब्ल्यू. २०, बी.एस.एफ. २६, यू.एन.सी. २०, यू.एन.एफ. २८.
अडीच सूत (५/१६ इंच) : बी.एस.डब्ल्यू. १८, बी.एस.एफ. २२, यू.एन.सी. १८, यू.एन.एफ. २४.
तीन सूत (३/८ इंच) : बी.एस.डब्ल्यू. १६, बी.एस.एफ. २०, यू.एन.सी. १६, यू.एन.एफ. २४.
साडेतीन सूत (७/१६ इंच) : बी.एस.डब्ल्यू. १४, बी.एस.एफ. १८, यू.एन.सी. १४, यू.एन.एफ. २०.
चार सूत (१/२ इंच) : बी.एस.डब्ल्यू. १२, बी.एस.एफ. १६, यू.एन.सी. १३, यू.एन.एफ. २०.

यावरून दिसेल की, दोन सुतांपासून साडेतीन सुतांपर्यंत व्हिटवर्थ आणि यू.एन.सी. यांचे आटे संख्येने सारखे, परंतु कोनाने भिन्न आहेत. ते एकमेकांत फिरतात, पण आट्याच्या पूर्ण अंगावर भार पडत नाही. तसेच दोन बी.ए., तीन-सोळांश इंचाचा बी.एस.एफ. आणि दहा क्रमांकाचा यू.एन.एफ. हे तिघे इतके जवळचे आहेत की, नजरेने वेगळे ओळखता येत नाहीत. शून्य बी.ए. आणि सहा मिलिमीटरचा मेट्रिक यांची तर जाडीही एक व आट्यांचे अंतरही एक. कोन मात्र वेगळा. अशा जुळ्यांपासून विशेष सावध राहावे.

युनिफाइड बोल्ट ओळखण्याची एक सोपी खूण आहे. त्याच्या डोक्यावर गोल खाच, अथवा नटाच्या एका बाजूवर एकमेकांस चिकटलेल्या वर्तुळांची ओळ कोरलेली असते. पान्यांविषयी एवढेच की, व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा डोक्याच्या रुंदीचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो. पाव इंच असे कोरलेल्या पान्याचे तोंड अर्ध्या इंचाहूनही मोठे, १३.३ मिलिमीटर असते. अडीच सुती यू.एन.एफ.चे डोके मात्र बरोबर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. तेथे आजचा तेरा मिलिमीटरचा पाना लावल्यास तो डोक्याचे कोपरे खातो. यास्तव तीन तऱ्हांचे पाने निराळे ठेवावेत.

आणि सर्वांत शेवटची, पण सर्वांत खरी परीक्षा बोटांची. तेल लावलेला स्वच्छ बोल्ट स्वच्छ भोकात बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. पाना हा आवळण्यासाठी आहे, आत घालण्यासाठी नव्हे.

मजबुतीची पारख

आटे जुळले म्हणजे काम झाले असे नाही. धान्य एकाच मापाचे असूनही त्यात प्रती असतात, तशा पोलादातही असतात. हार्डवेअरच्या दुकानांतून पत्र्यांसाठी व फाटकांसाठी मिळणारे सुती बोल्ट व्हिटवर्थ आट्यांचेच असतात, पण ते मऊ पोलादाचे. त्यांच्या डोक्यावर काहीच खूण नसते. ते सुकाणू, ब्रेक, चाके, स्प्रिंगा वा इंजिनाच्या आतील भागांत कदापि वापरू नयेत.

जुन्या इंग्रजी बोल्टांवर 'आर', 'एस', 'टी' अशी अक्षरे असतात. 'आर' म्हणजे चौरस इंचास किमान ४५ टन ओढ सहन करणारा, 'एस' म्हणजे ५०, 'टी' म्हणजे ५५. अमेरिकी पद्धतीच्या युनिफाइड बोल्टावर तीन रेघा असल्यास तो पाचव्या प्रतीचा, सहा असल्यास आठव्या प्रतीचा. मेट्रिक बोल्टावर ८.८ असा आकडा असतो. त्याची ओढ चौरस मिलिमीटरास ८०० न्यूटन. जेथून जी प्रत निघाली तेथे तिच्याहून कमी प्रतीची वस्तू घालू नये.

स्टेनलेस पोलादाचा मोह अनेकांस पडतो, कारण ते चकाकते आणि गंजत नाही. नेहमी मिळणाऱ्या 'ए दोन, सत्तर' प्रतीची ओढ ७०० न्यूटनच असते, आणि त्याचे आटे एकमेकांस घासून चिकटून बसण्याची खोड असते. दरवाजे, पायदाने, क्रमांकपट्टी यांस ते शोभते. सुकाणूच्या सांध्यांत त्यास स्थान नाही. स्प्लिट पिन आणि नायलॉनचे कडे असलेले घट्ट नट अशा महत्त्वाच्या जागी दर वेळी नवे घालावेत. काही पैशांच्या बचतीसाठी जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरणे म्हणजे स्वतःच्याच जिवाचा सौदा करणे होय.

मिळावेत कोठे

आमच्या अनुभवाने सांगतो, प्रथम स्वतःच्या घरी पाहावे. पुष्कळदा पूर्वीच्या मिस्त्रीने वा वडिलांनी अवशेष जपलेले असतात.

युनिफाइड बोल्टांची फारशी चिंता नाही. अँबॅसडर मोटार मूळ मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून आली व २०१४ पर्यंत बनत राहिली. तिच्या जुन्या इंजिनांचे यू.एन.एफ. बोल्ट सुट्या भागांच्या जुन्या दुकानांत अद्याप मिळतात. आपल्या शेतीप्रधान भागास आणखी एक सोय आहे. मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरांच्या जुन्या इंजिनांत युनिफाइड आटे असल्याने ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकानदार चांगल्या प्रतीचे बोल्ट देऊ शकतात. ज्वारीची पोती घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याकडे चौकशी करता करताच आम्हांस हा पत्ता लागला.

बी.एस.एफ. आणि बी.ए. मात्र शोधावे लागतात. मुंबईस नागदेवी स्ट्रीटवर नट-बोल्टांची व हत्यारांची दुकाने ओळीने आहेत. चोरबाजारात आणि कलकत्त्याच्या मलिक बाजारात जुन्या मोटारींचे सुटे भाग मिळतात. तेथे जाताना नमुना बरोबर न्यावा, गेज खिशात असावा, आणि दुकानदाराने 'तेच आहे' म्हटले तरी स्वतः लावून पाहावे. याखेरीज इंग्लंडात जुन्या आट्यांचे बोल्ट आजही नव्याने बनतात, आणि टपालाने मागविता येतात. जकात व टपालखर्च धरून ते महाग पडतात. म्हणून दोन-चार मोटारधारकांनी मिळून यादी करावी व एकदाच मागवावे. मागणीत जाडी, आटे, प्रत, आणि डोक्याखालून घेतलेली लांबी लिहावी. डोके पृष्ठभागात बुडणारे असेल तर लांबी डोक्यासकट धरतात. आट्यांवाचूनचा गुळगुळीत भाग किती, हेही कळवावे. दोन भागांमधील कातरीचा भार त्या गुळगुळीत अंगावर पडला पाहिजे, आट्यांवर नव्हे.

न मिळाल्यास करवून घेता येतात. आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर बारीक काम करणारे कुशल टर्नर आहेत. जुन्या आट्यांचे टॅप व डाय अजून मिळतात. साध्या जागेसाठी ई.एन. आठ आणि भाराच्या जागेसाठी ई.एन. चोवीस हे पोलाद सांगावे. तथापि लेथवर आटे कापल्याने पोलादाच्या शिरा तुटतात, तर कारखान्यात दाबून पाडलेल्या आट्यांत त्या अखंड राहून वळतात; म्हणून कापलेला बोल्ट वारंवारच्या झटक्यांस कमी टिकतो. कनेक्टिंग रॉडचे व सुकाणूचे बोल्ट लेथवर करवू नयेत, हा आमचा आग्रहाचा सल्ला आहे.

भोकातील आटे गेले असल्यास मोठा बोल्ट घालण्याची घाई करू नये. भोक किंचित वाढवून, नवे आटे पाडून, त्यात पोलादी तारेचे वेटोळे बसविण्याची रीत आहे. त्याने मूळ मापाचा बोल्ट पुन्हा बसतो. आमच्या तेलपंपाचे भोक असेच दुरुस्त झाले. वेटोळे एक मिलिमीटर आट्यांचे मिळविण्यासच आम्हांस तीन महिने लागले.

जपणूक

मोटार खोलताना प्रत्येक भागाचे बोल्ट निराळ्या पिशवीत घालून वर चिठ्ठी लावावी. त्याहून उत्तम म्हणजे पुठ्ठ्यावर त्या भागाचे चित्र काढावे आणि प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी पुठ्ठ्यात खोचावा. एकाच झाकणाचे बोल्ट पुष्कळदा कमी-अधिक लांबीचे असतात. आखूड जागी लांब बोल्ट गेला तर तो तळास टेकतो, आवळल्यासारखा वाटतो, आणि झाकण ढिलेच राहते. गंजलेला बोल्टही टाकू नये. तो वापरावयाचा नसतो, पण मापाचा साक्षीदार असतो.

आमच्या तेलपंपाचा बोल्ट शेवटी मिळाला तो निपाणीच्या एका वृद्ध दुकानदारांकडे. दुकान जवळजवळ बंद झालेले. आम्ही मागणी करताच त्यांनी विचारले, "आटे किती अंतराचे?" आम्ही उत्तर दिले तेव्हाच ते उठले आणि माळ्यावरून एक गंजका डबा खाली काढला. त्यात तसले सात बोल्ट होते : डोके व्हिटवर्थचे, आटे एक मिलिमीटरचे. त्यांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "विचारणारा पुन्हा येईल असे वाटले नव्हते." तो डबा पाहून आम्हांस दुसऱ्या एका डब्याची आठवण झाली, हे सांगणे नकोच.

आता आमच्या घरी नवा डबा आहे. त्यावरील चिठ्ठ्या नातवाने लिहिल्या आहेत, आणि तो ठेवला आहे तीर्थरूपांच्या शिक्क्याच्या जुन्या वजनांशेजारी. सभासद बंधूंस आमची एवढीच विनंती की, वखारीची झाडलोट करताना असा डबा हाती लागल्यास तो भंगारात देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावा. आपणांस त्याचा उपयोग नसेल तर संघाच्या कचेरीत कळवावे. कोणा दुसऱ्या सभासदाची मोटार त्यावाचून अडलेली असण्याचा संभव आहे. आणि बोल्ट आत जाताना अडला, तर 'बसवा' म्हणण्यापूर्वी तो बाहेर काढून मोजावा.